नॅरोबोट घेऊन भरतीच्या थेम्समध्ये

लंडनमध्ये बोटीवर राहतो म्हटलं की दाभोळला सगळ्यांना वाटतं आम्ही थेम्समध्येच राहतो. तसं नाहीये. आमची 'वाशिष्ठी' ५७ फुटी नॅरोबोट, म्हणजे कॅनालसाठीची लांब-अरुंद बोट आहे आणि ती कॅनालमध्ये असते, आणि कॅनालचं पाणी म्हणजे अगदी तळ्यासारखं, ना भरती ना ओहोटी, वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे काठावरून भरभर चालणारा माणूस आपल्या पुढे निघून जातो. बोटीची रुंदी ६ फूट १० इंच, तळ सपाट, पुढचा दरवाजा पाण्यापासून फारसा वर नाही. लाटांसाठी ही बोट बनलेलीच नाही. तीच घेऊन ऑगस्टमध्ये आम्ही पूर्व लंडनमधल्या लाइमहाउसहून नदीमार्गे पश्चिम लंडनमधल्या ब्रेंटफर्डला गेलो, साधारण २५ किलोमीटर.

हाच प्रवास कॅनालमधूनही होतो, पण त्यात डझनावारी लॉक (बोट वर-खाली करणारे दारं लावलेले पाण्याचे हौद) आणि दोन-तीन दिवस. नदीने तीन तास. पण खरं सांगू का, वेळ वाचवायला नाही गेलो आम्ही. मी खाडीकाठी वाढले, आणि चार वर्षं न हलणाऱ्या पाण्यावर राहून मला परत चढणारं-उतरणारं पाणी बघायचं होतं.

आमच्या अण्णांचा भरतीचा हिशोब तोंडपाठ आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. पण लंडन समुद्रापासून नदीत खूप आत आहे, भरतीला वर चढायला वेळ लागतो, त्यामुळे इथे पौर्णिमेच्या दिवशी भरती उन्हाळी घड्याळाप्रमाणे दुपारी तीनच्या आसपास येते. मी अण्णांच्या उत्तरात पावणेचार तास मिळवून बघते आणि बऱ्याचदा पाव-अर्ध्या तासाच्या फरकाने जमतं, ते कळल्यावर अण्णांना झालेला आनंद काय सांगू. अर्थात बोट काढली ती नदीचा कारभार बघणाऱ्या पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीच्या भरतीच्या वेळापत्रकावरूनच, तिथे अंदाज नको.

पण वेळेपेक्षाही आकडा बघून मी हादरले होते तो पाण्याच्या चढ-उताराचा. लंडन ब्रिजपाशी उधाणाला पाणी सात मीटरपर्यंत वर-खाली होतं! दोन मजली घराएवढं. आमच्या खाडीला याच्या निम्मंही नाही. शिवाय आपल्याकडे खाडीला पसरायला जागा असते, कांदळवन असतं, चिखल असतो, लाट तिथे जाऊन मरते. इथे एकोणिसाव्या शतकात जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरने एम्बँकमेंट, म्हणजे काठाची दगडी भिंत बांधली आणि नदी दोन दगडी भिंतींमध्ये आवळली गेली, म्हणून मधल्या लंडनात प्रवाह जोरात, आणि लाट भिंतीवर आपटून परत येते, मग दुसऱ्या बाजूची येते, दोन्ही एकमेकींना भेटतात आणि मध्ये आपण. म्हणूनच आम्ही उधाण टाळून दशमीचा भांगाचा, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचा दिवस निवडला. भरती सकाळी साडेदहाला.

आता तयारीचं सांगते, कारण माझ्या मते नदीवरचे तीन तास हे आधीच्या तीन आठवड्यांवर ठरतात.

सगळ्यात आधी डिझेल. कॅनालमध्ये बोट हलत नाही म्हणून टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ आणि पाणी साचत राहतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. नदीवर बोट हेंदकाळली की तो गाळ ढवळून वर येतो, फिल्टर चोंदतो आणि इंजिन बंद, तेही नेमकं पुलाच्या खांबासमोर. आम्ही टाकीच्या तळाचं डिझेल उपसून काढलं, नवे फिल्टर घातले आणि दोन जास्तीचे जवळ ठेवले. मग इंजिनाचं कूलिंग. कॅनालवर इंजिन रांगतं, नदीवर तीन तास जोरात पळतं, त्यामुळे कधी न तापलेलं इंजिन तिथे तापतं.

मग नांगर. आम्ही आधी तो नुसता बोटीच्या पुढच्या कप्प्यात टाकलेला होता, कॅनालमध्ये लागतोच कुठे. आता साखळी, त्यामागे लांब दोर, आणि दोराचं शेवटचं टोक बोटीला पक्कं बांधलेलं, हे बांधायचं राहून नांगर दोरासकट नदीत गेल्याच्या गोष्टी इथले जुने बोटवाले सांगतात. इंजिन बंद पडलं तर नांगर हा एकच ब्रेक आहे, म्हणून तो दोन सेकंदांत टाकता आला पाहिजे. लाइफजॅकेट सगळ्यांना, कुरकुर चालणार नाही. पुढच्या दारातल्या हवेच्या झडपांवर जाड प्लास्टिक लावून टेप, प्रोपेलरमध्ये अडकलेला कचरा काढायच्या वीड हॅचचं झाकण घट्ट, छपरावरच्या कुंड्या आणि सायकली खाली, कपबशा जमिनीवर. इन्शुरन्सवाल्यांना फोन करून भरतीची नदी कव्हर होते का तेही विचारून घेतलं.

आणि रेडिओ. १३.७ मीटर किंवा जास्त लांबीच्या बोटीला इथे व्हीएचएफ रेडिओ लागतो, आमची १७ मीटरच्या वर. नवऱ्याने एक दिवसाचा कोर्स करून परीक्षा दिली. लाइमहाउसचं लॉक किमान २४ तास आधी बुक केलं, आणि वारा जास्त असेल तर जायचं नाही हे आधीच ठरवून टाकलं. प्रवाहाच्या उलट वारा आला की पाणी खवळतं. पहिली तारीख आम्ही त्यापायीच रद्द केली, सामान बांधून तयार असताना. वाईट वाटलं, पण बरोबर केलं.

आठ वाजता लॉकमध्ये. रेडिओच्या चॅनल १४ वर नदीवरची वाहतूक सांभाळणाऱ्या लंडन व्हीटीएसला नाव, कुठून कुठे, बोटीवर किती माणसं ते सांगितलं. गेट उघडलं आणि समोर तपकिरी, पळणारं पाणी. बोटीचं तोंड बाहेर पडतं तेव्हा प्रवाह त्याला उजवीकडे ढकलतो आणि शेपूट अजून लॉकच्या स्थिर पाण्यातच असतं, तिथे कचरलात तर बोट भिंतीला घासते, म्हणून लॉककीपरने आधीच बजावलं होतं की जोर कमी करू नका. नाही केला. आणि बाहेर आल्यावर भरतीने आम्हाला असं उचललं की मला खाडीतली 'तर', म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी आठवली आणि डोळ्यात पाणी आलं.

टॉवर ब्रिजखालून गेलो तेव्हा कुणीच बोलत नव्हतं. त्यानंतर एक प्रवासी कॅटामरान गेली आणि तिची लाट आली. अशा वेळी बोट लाटेला आडवी ठेवायची नाही, तोंड थोडं लाटेकडे वळवायचं. पहिली लाट पुढच्या डेकवर आली, टेप लावलेल्या झडपांनी पाणी अडवलं. कॅनन स्ट्रीटच्या रेल्वे पुलापाशी मला १९८९ आठवलं, इथेच २० ऑगस्टच्या पहाटे मार्शियोनेस नावाच्या पार्टी बोटीवर बोबेल हे गाळ-वाळू उपसणारं जहाज आदळलं आणि ५१ माणसं गेली. त्यानंतरच २००२ मध्ये थेम्सवर आरएनएलआय या पाण्यात जीव वाचवणाऱ्या संस्थेची लाइफबोट ठाणी सुरू झाली. वॉटर्लू ब्रिजजवळचं त्यांचं ठाणं दिसलं तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले.

पुलांची कुठली कमान वापरायची ते दोन पिवळ्या दिव्यांवरून कळतं, तीन लाल गोल दिसले तर ती बंद. आणि कमानीत काम चालू असून उंची कमी झाली असेल तर दिवसा तिथे चक्क गवताची पेंढी टांगतात, हा जुना नियम अजून चालू आहे! मी प्रत्येक पुलाखाली पेंढी शोधत होते, दिसली नाही.

व्हॉक्सहॉलपाशी तापमानाचा काटा चढायला लागला. इंजिन थोडं हळू केलं, भरती तशीही नेतच होती, काटा उतरला. पटनीच्या पुढे नदी एकदम वेगळी, झाडं, शांतता, आणि वल्हवणारी पोरं. त्यांच्या बोटी फारच हलक्या, आपली लाट त्यांना लागू नये म्हणून हळू जायचं.

ब्रेंटफर्डचं थेम्स लॉक भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढंच वापरता येतं, चुकलं की पुढच्या भरतीपर्यंत थांबा. आम्ही अकराला पोचलो. क्यू गार्डन्सच्या समोर उजवीकडे कॅनालचं तोंड आहे, पण सरळ वळायचं नाही, थोडं पुढे जायचं, बोट फिरवून तोंड प्रवाहाकडे करायचं आणि मग हळूहळू सरकत आत शिरायचं, तसं केलं की बोट आपल्या ताब्यात राहते. तरीतून धक्क्याला लागताना आमच्याकडे हेच करतात, मी लहानपणापासून बघत आलेय.

संध्याकाळी अण्णांना फोन केला, ते म्हणाले, "पाणी कुठपर्यंत चढलं गं?" मी त्यांना भिंतीवरच्या शेवाळाच्या रेषेचा फोटो पाठवला.

दोन दिवसांनी नवऱ्याने फिल्टर उघडला, तळाशी चमचाभर काळा गाळ होता, टाकी उपसूनसुद्धा. आता नदीतली भरती जिथे संपते त्या टेडिंग्टनपर्यंत जायचा विचार आहे, त्याआधी टाकी पुन्हा उपसायची.