धूर सोडण्याआधी गच्चीवर चढा

पावसाळ्यात सोसायटीत एकाला डेंग्यू झाला की लगेच धूरफवारणीची मागणी होते. पण धूर मारतो तो त्या वेळी उडणाऱ्या डासांना. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत बसलेली असते आणि धूर आत येऊ नये म्हणून आपणच खिडक्या लावून घेतो. पाण्यातल्या अळ्यांना तर काहीच होत नाही. रुग्णाच्या घराभोवती फवारणी जरूर करावी, पण एरवीचा पैसा आणि माणसं पाण्यामागे लावा.

अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून कोरडा दिवस, म्हणजे साठवणीची सगळी भांडी रिकामी करून वाळवण्याचा दिवस, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारीच. पंधरवड्याने केला तर मधल्या मधे एक पिढी उडून जाते. एडिस अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. नुसतं पाणी ओतलं तर अंडी तिथेच राहतात, कोरडी पडूनही काही महिने तगतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. पिंप, रांजण, कूलरची टाकी आतून ब्रशने खरवडून घासा आणि पालथी घालून वाळवा. सगळ्या कामातला सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग हाच.

तपासायला टॉर्च आणि एक पांढरं भांडं पुरे. सावली पडली की अळ्या तळाला जातात, म्हणून दोन मिनिटं थांबून मग पाणी उचला. पृष्ठभागाला समांतर पडलेली अळी हिवतापवाल्या अ‍ॅनोफिलीसची. डोकं खाली करून तिरपी लटकणारी एडिस किंवा हत्तीरोगवाल्या क्युलेक्सची.

सुरुवात गच्चीवरून करा. टाकीचं झाकण घट्ट हवं आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला इंचात १८ घरांची स्टीलची जाळी. नायलॉन उन्हाने फाटतं. जाळीवर शेवाळ साचून पाणी तुंबतं, तेव्हा ती महिन्याने साफ करा. पत्र्यावरच्या ताडपत्रीला झोळ पडू देऊ नका. ती उडू नये म्हणून ठेवलेले टायर तर काढाच: टायर कसाही उलटला तरी आत पाणी उरतं. त्याऐवजी वाळूच्या गोण्या ठेवा.

शेजारी बांधकाम असेल तर स्लॅबवर वाफे करून साठवलेलं पाणी बघा. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, ७ ते १४ दिवस चालतं, म्हणजे डासांची पूर्ण फेरी. पाचव्या दिवशी पाणी पूर्ण काढून लगेच नवं भरायला सांगा. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळलेलं चालतं.

उपसता न येणाऱ्या पाण्यात, लिफ्टच्या खड्ड्यात वगैरे, ५० टक्के टेमिफॉस हे अळीनाशक (आपलं ‘अ‍ॅबेट’) १००० लिटरला २ मिली, दर आठवड्याला. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका, सिरिंजने मोजा. कोषांवर (अळीनंतरची, डास होण्याआधीची अवस्था) त्याचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे कोष दिसले तर पाणी उपसायलाच हवं. पिण्याच्या पाण्यात हे स्वतःहून टाकायचं नाही; तो निर्णय आरोग्य कर्मचाऱ्यांचा.

वापरात नसलेली विहीर किंवा हौद असेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, मीटरभर काठामागे ५ ते १०. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान सारखं झालं की मासे सोडा. त्यांना खाणं घालू नका, शेवाळ काढत राहा. नदीत, नैसर्गिक तळ्यात मात्र हे मासे कधीही सोडू नयेत.

सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा.

राहता राहिले बंद फ्लॅट. मालक परगावी, आणि फ्लश टँक व कमोडमध्ये पाणी महिनोन्‌महिने उभं. जाताना मुख्य कॉक बंद करून फ्लश टँक रिकामा करायला सांगा. कमोडवर झाकण लावून कडेने चिकटपट्टी मारावी, आणि बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या बशा उचलून ठेवाव्यात. किल्ली सेक्रेटरीकडे असेल तर तपासणीच्या फेरीत ते घरही येतं.