सातव्या तारेवरची कॉर्ड

सात तारांची गिटार हाती आली की नेहमीच्या कॉर्डखाली (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाखाली) आणखी एक खर्जातला सूर जोडण्याचा मोह होतो. माझे मत मात्र असे आहे की, सातव्या तारेवर रूट, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर, घेतला की त्याच्या वरची जागा मोकळी सोडावी आणि उरलेली कॉर्ड दूर, वरच्या तारांवर मांडावी.

प्रचलित ट्युनिंगमध्ये सातवी तार बी म्हणजे सुमारे ६१.७ हर्ट्झवर आणि सहावी ई म्हणजे ८२.४ हर्ट्झवर असते. सातव्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर सी दाबून शेजारची ई मोकळी छेडली, तर कागदावर ते सी मेजरचे रूट आणि थर्ड (रूटपासूनचा तिसरा सूर) असतात, पण ऐकू येते ती घरघर. हा सी ६५.४ हर्ट्झचा, म्हणजे दोन सुरांत अवघ्या १७ हर्ट्झचे अंतर. इतके खालचे आणि इतके जवळचे सूर कानाला नीट वेगळे करता येत नाहीत. तोच थर्ड एक सप्तक वर, चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर घ्यावा, तिसरी तार मोकळी ठेवावी आणि तिन्ही तारा बोटांनी एकदम छेडाव्यात. कॉर्ड लगेच स्वच्छ, भरदार ऐकू येते. खर्ज दाबणाऱ्या मधल्या बोटाची आतली बाजू सहाव्या तारेला हलकेच टेकवून ती गप्प करावी लागते, आणि पाचवीकडेही लक्ष ठेवावे लागते. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तोही खर्जाच्या पाचपट कंपनांचा, म्हणजे दोन सप्तके वरचा असतो.

जॅझ वादक जॉर्ज व्हॅन एप्स यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस एपिफोनकडून सात तारांची गिटार बनवून घेतली. ते सातवी तार ए सुरात, पाचवीच्या बरोबर एक सप्तक खाली लावत, आणि तिच्यावर बासची चाल चालवत वर कॉर्ड वाजवत. ब्राझीलच्या शोरो संगीतात दीनो सेते कोर्दास यांनी खालच्या तारांवरून सरकणाऱ्या सुरावटींची जी वाट रुळवली, तीही मला याच कारणासाठी फार प्रिय आहे.

डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) लावल्यावर मोकळ्या जागेचा हा नियम आणखी कडक होतो, कारण त्यात दोन सुरांच्या कंपनांतील फरकाचा तिसरा सूर निर्माण होतो. मात्र मोकळी बी आणि तिचा फिफ्थ (पाचवा सूर) एकत्र वाजले की हा सूर सुमारे ३१ हर्ट्झवर, बीच्या एक सप्तक खाली उमटतो, आणि रूट-फिफ्थच्या या पॉवर कॉर्डला वजन येते. आठ तारांच्या गिटारची खालची एफ शार्प ४६.२ हर्ट्झची असते. तिथे फिफ्थही जड होतो, म्हणून एकेरी सुरांचे रिफच (पुन्हा पुन्हा येणारे छोटे सुरावटींचे तुकडेच) अधिक उठून दिसतात.

हाताची सवयही थोडी बदलावी लागते. सातवीपासून तिसरीपर्यंतच्या तारा एकमेकींपासून फोर्थच्या (पाच फ्रेटच्या) अंतरावर असल्यामुळे सहाव्या तारेवरचा बार कॉर्डचा (एका बोटाने तारा आडव्या दाबून वाजवायच्या कॉर्डचा) आकार जसाच्या तसा खाली नेला, तर तिसऱ्या तारेवर चुकीचा सूर लागतो. तिथला फिफ्थ रूटच्या एक फ्रेट मागे मिळतो. मेजरचा थर्ड चौथ्या तारेवर रूटच्या एक फ्रेट पुढे येतो आणि मायनरचा रूटच्याच फ्रेटवर. तिसऱ्या तारेवरच्या तर्जनीखाली दुसरी तारही आडवी दाबली, की मेजरची मेजर सेव्हन्थ होते.