तुम्ही विचारलंत म्हणून : सहाशेची बीआरएम चाळीस तासांत बसते का, आणि झोपायचं कधी?

"दोनशे झाली, तीनशे झाली, चारशेही कशीबशी वेळेत आटोपली. आता सहाशे करायची आहे. चाळीस तासांत बसेल का? आणि मुळात झोपायचं कधी?" बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या दोनशे ते सहाशे किमीच्या सायकल राइड्सचा, हंगाम सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. चारशे वेळेत संपवणाऱ्याला सहाशे बसते. ज्यांची हुकते, त्यांचे पाय सहसा कमी पडलेले नसतात. त्यांचा वेळ ढाब्यावर आणि लॉजवर गेलेला असतो. म्हणून सहाशेची निम्मी तयारी कागदावर करावी लागते, आणि नेमकी तीच बहुतेक जण करत नाहीत.

नव्यांसाठी नियम थोडक्यात सांगतो. पॅरिसचा ओडॅक्स क्लब पॅरिसियन १९२१ पासून अशा राइड्स घेत आला आहे. भारतात हे काम ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स शहरोशहरीच्या क्लबांमार्फत पाहते. ही शर्यत नव्हे, इथे नंबर काढत नाहीत. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या हंगामात चारही पूर्ण केल्या की तुम्ही सुपर रँडोनर. वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे ठरवून दिलेल्या तपासणीच्या थांब्यावर, ब्रेव्हे कार्डावर (राइडच्या नोंदकार्डावर) शिक्का आणि वेळ घ्यायची. माणूस नसेल तिथे पेट्रोल पंपाची किंवा एटीएमची वेळ छापलेली पावती जपून ठेवायची. घरच्यांची गाडी फक्त कंट्रोलवर भेटू शकते. मधल्या रस्त्यात तिच्यातून पाण्याची बाटली घेतली तरी नियम मोडतो. दुकानातून काहीही विकत घ्या, दुसऱ्या रायडरकडून ट्यूब घ्या, त्याला कोणाची हरकत नाही.

आता हिशेब. पुण्याहून शनिवारी सकाळी सहाला निघालात, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी करत संकेश्वरच्या आसपास ३०० भरले आणि तिथून त्याच रस्त्याने परत, असं धरू. सायकल चालू असतानाचा सरासरी वेग ताशी २० किमी असेल तर नुसतं चालवण्यात ३० तास जातात. उरले दहा. दर ५० किमीला वीस मिनिटं थांबलात तर अकरा थांबे, म्हणजे पावणेचार तासांच्या जरासं आत. तीन तास झोप, वर लॉजमध्ये शिरण्या-निघण्याचा पाऊण तास. शिल्लक अडीच तास. रविवारी दुपारी वेग १७-१८ वर येतो, तेव्हा यातला बराचसा भाग तिथेच संपतो. आता त्याच अकरा थांब्यांना वीसऐवजी पस्तीस मिनिटं लावून बघा. पावणेतीन तास जास्तीचे गेले, म्हणजे तुमची झोपच गेली. पस्तीस मिनिटं कधी होतात ते कळतही नाही. चहा सांगितला, तो येईपर्यंत फोन पाहिला, मग टॉयलेट, मग बाटल्या, मग सोबत्याचा वडापाव यायचा राहिलाय.

यावर उपाय साधा आहे. खायला काय हवं ते आधी सांगायचं, आणि ते येईपर्यंत शिक्का, पाणी, टॉयलेट उरकायचं. बूट काढायचे नाहीत. थांब्यावर शिरतानाच निघायची वेळ मोठ्याने सांगायची. सोबत दोघं उत्तम, तिघं चालतील. पाच-सहा जणांचा गट झाला की प्रत्येक थांबा सगळ्यात सावकाश माणसाच्या वेळेवर चालतो. मैत्री टिकवायची तर निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा, की जो तयार होईल तो पुढे निघेल आणि त्याचा कोणी राग मानणार नाही.

झोपेचं गणित यातूनच निघतं. सहाशेत कंट्रोल बंद होण्याची वेळ ताशी १५ किमीने मोजतात. म्हणजे ३०० चं कंट्रोल रात्री दोनला बंद होईल आणि शेवट रविवारी रात्री दहाला. वरच्या वेगाने तुम्ही ३०० ला रात्री अकराच्या सुमारास पोचता. अंथरूण दिसतं, मोह होतो. पण तिथे झोपलात तर दोनच्या आत उठून नेमक्या दोन ते पाचच्या वेळेत, जेव्हा शरीर सगळ्यात जड असतं, अंधारात सायकलवर बसावं लागतं. त्यापेक्षा परतीच्या वाटेवर कोल्हापूरपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किमीपर्यंत रेटावं असं माझं ठाम मत आहे. पहाटे तीनच्या आसपास पोचाल. तिथली वेळ सहा चाळीसपर्यंत असते. सव्वातीन ते सहा झोपलात आणि सव्वासहाला निघालात तर उजाडताना रस्त्यावर असता, आणि पुढे राहतात २३०. दोनशे केलेल्याला तो आकडा ओळखीचा आहे. ताशी १८ ने चालवलं आणि पाच थांबे घेतले तरी रात्री पावणेनऊला पुणे. सव्वा तास पंक्चरसाठी हाताशी राहतो.

लॉज आधीच ठरवा. परतीच्या बाजूचा, हायवेला लागून, सायकल खोलीत नेऊ देणारा. पहाटे तीनला येतोय हे मॅनेजरला सांगून पैसे आधीच देऊन टाका, म्हणजे पहाटे हिशेबासाठी कोणाला उठवायला नको. खोलीत शिरल्यावर आधी दिवे, सायक्लोकॉम्प्युटर आणि फोन चार्जिंगला, मग बाटल्या भरून ठेवणं, मग शॉर्ट्स बदलणं, आणि शेवटी पाठ टेकणं. दोन गजर लावा, त्यातला एक हात पोचणार नाही इतका लांब. त्याआधीच रस्त्यावर डोळे मिटू लागले, पांढरी पट्टी दोन दिसू लागली, तर लॉजची वाट पाहू नका. उजेडातल्या पेट्रोल पंपावर वीस मिनिटं आडवे व्हा. आडवं होण्यापूर्वी कॉफी घेतली तर उठेपर्यंत तिचा असर सुरू झालेला असतो.

दिव्यांबाबत फसगत होते ती चार्जिंगची. डिसेंबरात या बेताप्रमाणे पहिल्या रात्री नऊ तास आणि दुसऱ्या संध्याकाळी तीन तास अंधारात जातात. ४०० ते ६०० ल्युमेनचा दिवा पूर्ण प्रकाशावर साधारण दोन तासच टिकतो. पॉवर बँक जोडल्यावर काही दिवे चक्क बंद होतात, जोडलेले असताना पेटतच नाहीत. हे घरीच तपासा. मागे दोन लाल दिवे लावा, एक बंद पडला तर तुम्हाला मागे वळून दिसत नाही. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट अंधार पडण्याआधी घाला. कराड ते कोल्हापूर पट्ट्यात गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, एका ट्रॅक्टरला दोन जोडलेल्या, बहुतेकींना मागे दिवा नाही. त्या कडेने ताशी पंधराने चालतात, आणि आपण मागून जाताना अंधारात अचानक समोर येतात. त्यांना ओलांडण्याआधी मागचा ट्रक किती लांब आहे ते बघायचं, आणि लांब नसेल तर मुकाट्याने मागे राहायचं. उलट्या बाजूने येणारी बिनदिव्याची मोटरसायकल हा या रस्त्यावरचा दुसरा धोका. जिथे रुंदीकरणाचं काम चालू आहे तिथे रात्री वेग कमीच ठेवा.

आता पंक्चर, कारण सहाशेत ते धरूनच चालायचं. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरचे तुकडे पडलेले असतात. त्यातली केसाएवढी पोलादी तार तुमच्या टायरमध्ये शिरते. हवा हळूहळू जाते. रायडर ट्यूब बदलतो, दहा किमीवर पुन्हा तेच, कारण तार टायरमध्येच राहिलेली. बाहेरून ती दिसत नाही, रबराच्या पातळीला झिजलेली असते. म्हणून टायर बसवताना वाल्व नेहमी टायरवरच्या नावासमोर ठेवावा. पंक्चर झालं की ट्यूब काढून फुगवा, भोक वाल्वपासून किती अंतरावर आहे ते पाहा आणि तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये शोधा. आतल्या बाजूने बोट फिरवलंत तर बोटात घुसेल, त्याऐवजी कापूस किंवा हातमोज्याची कड फिरवा, जिथे धागा अडकतो तिथे तार. नखं कापायचं नेलकटर किंवा छोटा चिमटा नसेल तर ती निघत नाही. ही वस्तू टूलकिटमध्ये क्वचितच दिसते, आणि नसली तर रात्री दोन वाजता दुसरा इलाज नाही. शेजारीशेजारी दोन भोकं असतील तर तार शोधत बसू नका, हवा कमी असताना खड्ड्यात आपटून ट्यूब चिमटली आहे. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकलेली आहे. २८ मिमीच्या टायरला पंच्याहत्तर किलोच्या माणसासाठी पुढे ७० ते ७५ आणि मागे ८० पीएसआय हवा ठेवली की दोन्ही बाजूंनी बरं पडतं.

सोबत तीन ट्यूब, पॅचेस, दोन टायर लिव्हर, पंप, चेन ब्रेकर असलेलं मल्टिटूल, तुमच्या चेनच्या स्पीडला बसणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा), चार झिप टाय आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेतल्या दुकानात मिळत नाही. चेन, केबल आणि ब्रेक पॅड बदलायचे असतील तर दोन आठवडे आधी बदलून दीडशे किमी चालवून पाहा. राइडच्या आदल्या दिवशी सायकलला नवीन काही लावू नका, सॅडल तर नाहीच. गिअरमध्ये पुढे कॉम्पॅक्ट क्रँक (लहान चकत्यांचा) आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला ३२ किंवा ३४ दात. जाताना खंबाटकी घाटात ते गरजेपेक्षा जास्त वाटेल, पण परतीला कराडपासून साताऱ्याकडे हळूहळू चढत जाणाऱ्या रस्त्यावर आणि शेवटी कात्रजला कळेल.

खाण्यात तासाला ५० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ असतात. एक केळं, दोन-तीन खजूर आणि थोडी चिक्की झाली की तासाचं भागलं. गोड नकोसं होतं ते पहिल्या रात्रीपासून, म्हणून मीठ लावलेला उकडलेला बटाटा, इडली, दहीभात आधीच योजून ठेवा. कोल्हापुरात मिसळ किंवा तांबडा रस्सा खायला मन होईल, तो आनंद राइड संपल्यावर घ्या. तेल-तिखटाने पोट बिघडलं की खाणं बंद, आणि खाणं बंद झालं की शंभर किमीत पाय थांबतात. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, पण नुसतं पाणीच पीत राहू नका. रक्तातलं सोडियम उतरलं की मळमळ, डोकेदुखी, गोंधळ सुरू होतो आणि माणूस तहान समजून आणखी पाणी पितो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते एका लहान बाटलीत ओतू नका.

बसण्याच्या जागेला निघण्यापूर्वी आणि लॉजवर पुन्हा क्रीम किंवा व्हॅसलीन लावा. बिब शॉर्ट्सच्या, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेल्या सायकलिंगच्या गादीच्या शॉर्ट्सच्या, आत काहीही घालू नका. गुडघा पुढून दुखायला लागला तर बहुधा सॅडल खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर दाबताय. मागून दुखला तर सॅडल वर आहे.

सरावाचं थोडक्यात. चारशे आणि सहाशेच्या मध्ये तीन-चार आठवडे असावेत. त्यात एखाद्या आठवडाअखेरीला शनिवारी दीडशे आणि रविवारी शंभर, आणि एकदा संध्याकाळी निघून रात्रभर चालवणं. शेवटचे दहा दिवस हलके. २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला, म्हणजे फ्रान्समधल्या १२०० किमीच्या राइडला, जायचं मनात असेल तर त्या वर्षी चारही बीआरएम पुन्हा कराव्या लागतील, तेव्हा हा सराव वाया जात नाही.

सोडावं लागलं तर आयोजकांना फोन करून कळवा. न कळवता घरी गेलेल्या माणसाला रात्रभर शोधत बसलेले स्वयंसेवक असतात. आणि वेळेत पोचलात तर कार्ड सही करून द्या, भरपूर खा, पण स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका. रिक्षा घ्या किंवा कोणाला तरी आधीच बोलावून ठेवा. दोन दिवसांनीही करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर असेल तर हँडलबारवरच्या दाबाने तळहाताजवळची नस दबलेली असते. बहुतेकदा काही आठवड्यांत ते जातं, पण बोटांत जोर कमी वाटू लागला तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि पुढच्या राइडआधी हँडलबारची उंची तपासून त्यावर दुहेरी टेप चढवा.