आधी जीपी, मग चाचणी: इंग्लंडमध्ये मुलाच्या अ‍ॅलर्जीविषयी

इंग्लंडमध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबे मला एक प्रश्न हमखास विचारतात. मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असावी असे वाटते, इथे तज्ज्ञ डॉक्टरांची भेट मिळायला महिनोन्महिने लागतात, मग सुट्टीत भारतात जाऊन सगळ्या चाचण्या एकदाच उरकून आणल्या तर चालेल का? माझ्या मुलाला ही अ‍ॅलर्जी आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. माझे उत्तर असे, की चाचणीची घाई करू नये, मात्र जीपीकडे, म्हणजे आपले नाव नोंदवलेल्या दवाखान्यातील फॅमिली डॉक्टरांकडे, जाणे एक दिवसही लांबणीवर टाकू नये.

एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही; जीपीने पत्र दिले की जवळच्या रुग्णालयातील बालरोग विभागाच्या अ‍ॅलर्जी क्लिनिकमध्ये नाव लागते. व्हिसा काढताना आपण मुलामागे वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो, तेव्हा पत्र मागताना संकोच करण्याचे कारण नाही. जीपीची भेट साधारण दहा मिनिटांची असते आणि त्यातली पाच मिनिटे आपणच इकडचे तिकडचे सांगण्यात घालवतो. म्हणून अर्धे पान लिहून न्यावे: काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने काय दिसले, ते किती वेळ टिकले, कोणते औषध दिले. ‘दाणे खाल्ले की त्याला त्रास होतो’ एवढ्याने डॉक्टरांना फारसे कळत नाही. ‘बोटभर दाण्याची चटणी चाखल्यावर पाच मिनिटांत ओठ सुजला, मानेवर गांधी उठल्या, मग दोनदा उलटी झाली’ एवढे सांगितले आणि फोनमधला फोटो पुढे केला, तर निदानाचे निम्मे काम तिथेच होते. त्रास गंभीर स्वरूपाचा असेल, तर क्लिनिकची तारीख येण्याआधीच अ‍ॅड्रेनलिनच्या पेनविषयी (तीव्र त्रासात मांडीत टोचायचे तयार इंजेक्शन) जीपीला स्पष्ट विचारावे. सोळा वर्षांखालील मुलांना इंग्लंडमध्ये ही औषधे विनामूल्य मिळतात.

आता चाचण्यांविषयी. पुण्याला सुट्टीत असताना नातेवाइकांच्या आग्रहावरून आमच्याही मुलाच्या रक्ताची तपासणी झाली आणि अनेक पदार्थांची लांबलचक यादी असलेला अहवाल हाती आला. शेंगदाणा त्यात होताच. शिवाय हरभरा, गहू आणि तीळही ‘पॉझिटिव्ह’ होते. इथल्या क्लिनिकमधील डॉक्टरीणबाईंनी तो कागद शांतपणे वाचला आणि विचारले, की हरभऱ्याचे काही तो खातो का? आठवड्यातून एकदा तरी पिठले-पोळी खातो आणि त्याला काहीही होत नाही, असे मी सांगितले. ‘मग हरभरा आणि गहू दोन्ही चालू ठेवा,’ एवढेच त्या म्हणाल्या. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई ही प्रतिपिंडे सापडणे आणि तो पदार्थ खाल्ल्यावर खरोखर अ‍ॅलर्जी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरसकट यादी तपासली, की मूल आनंदाने खात असलेले पदार्थही त्यात येतात, आणि घाबरलेले आईवडील ताटातून एकेक वाटी कमी करत जातात. वाढत्या वयाच्या मुलाच्या दृष्टीने ही उपासमारच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला तीळ. तो आमच्या मुलाने फारसा खाल्लेला नव्हता आणि हातावर थेंब ठेवून टोचण्याच्या चाचणीचा निकालही अधांतरी आला. (या चाचणीपूर्वी काही दिवस अँटीहिस्टामिन हे खाज-गांधींवरचे औषध बंद ठेवावे लागते; किती दिवस, हे क्लिनिक सांगते.) तेव्हा त्याला रुग्णालयात बसवून ठराविक अंतराने वाढत्या मात्रेत ताहिनी, म्हणजे तिळाचे वाटण, दिली गेली, दर वेळी परिचारिका त्याची छाती, त्वचा आणि नाडी तपासत होती. दुपारपर्यंत काहीच झाले नाही, आणि तिळगूळ आमच्या घरात राहिला. असा निर्वाळा कोणताही छापील अहवाल देऊ शकत नाही. घरी मात्र हा प्रयोग कोणीही करू नये.

भेटीची वाट पाहण्याच्या काळात दोन पेन सदैव मुलाजवळ असावेत. धाप लागली, घसा आवळला, आवाज बसला किंवा मूल एकाएकी मलूल पडले, तर आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूस पेन द्यावे, मग ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ (जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया) हाच शब्द उच्चारावा. मुलाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. श्वासाला त्रास असेल तर बसवावे, पण उभे करू नये. पाच मिनिटांत उतार पडला नाही, तर दुसरे पेन द्यावे. शंका आली, तर ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस यूके’ आणि ‘अ‍ॅलर्जी यूके’ या संस्थांच्या मदतवाहिन्या आहेत. शाळांना २०१७ मध्ये जादा पेन ठेवण्याची मुभा मिळाली. आपल्या शाळेत ते आहेत का, हे विचारून घ्यावे.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर चौदा घटक ठळक अक्षरांत द्यावे लागतात आणि त्यांत शेंगदाणा, तीळ, मोहरी हे सारे आहेत. हरभरा आणि नारळ मात्र नाहीत. दुकानातच बनवून तिथेच बंद केलेल्या पदार्थांनाही ऑक्टोबर २०२१ पासून हा नियम लागू झाला. तीळ असलेले सँडविच खाऊन २०१६ मध्ये मृत्यू पावलेल्या नताशा या पंधरा वर्षांच्या मुलीच्या नावाने तो ओळखला जातो. मिठाईच्या काचेच्या कपाटातील सुट्या मालावर असे लेबल नसते; तिथे तोंडी विचारावे आणि उत्तर डळमळीत वाटले, तर घेऊ नये.

भारतात जाताना पेन हातातल्या सामानात, डॉक्टरांच्या पत्रासह ठेवावेत, कारण तिथल्या औषधांच्या दुकानांत ते सहजी मिळत नाहीत. ते पंचवीस अंशांहून अधिक तापमानात ठेवायचे नसतात आणि फ्रिजमध्येही ठेवायचे नसतात, म्हणून मे महिन्यात उष्णतारोधक पाकीट लागते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावे. सुई नसलेले सरावाचे पेनही बरोबर न्यावे. माझ्या सासूबाईंनी ते हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, की पँटवरून चालते का? चालते, जीन्सवरूनही चालते. फक्त शिवण आणि खिसा टाळावा.