जळगाव ते कोलंबो: रग्बीच्या मैत्री स्पर्धेचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्या संघांसाठी काही सूचना

जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील खेळाडूंचा आमचा हौशी रग्बी संघ फेब्रुवारीत कोलंबोतील एका मैत्री स्पर्धेत खेळून आला. खानदेशातून आणखी संघांनी जावे अशी मनापासून इच्छा असल्यामुळे हा वृत्तांत लिहीत आहे.

आम्ही श्रीलंका निवडली, कारण हा खेळ तेथे शाळांमधून रुजलेला आहे. कोलंबोचे रॉयल कॉलेज आणि कँडीचे ट्रिनिटी कॉलेज यांच्यात ब्रॅडबी शील्डसाठी १९४५ पासून लढत होते आणि शाळकरी मुलांच्या त्या सामन्यांनाही प्रेक्षक गर्दी करतात. अशा वातावरणात आपल्या मुलांना खेळायला मिळणे, हे माझ्या मते कोणत्याही चषकापेक्षा मोलाचे आहे.

खरी परीक्षा हवेची असते. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या जळगावात वाढलेल्या खेळाडूला कोलंबोचे तीसएक अंश किरकोळ वाटतात; परंतु आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम वाळून शरीर थंड होते, तर समुद्रकाठच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो आणि दहा मिनिटांच्या सत्रातही दम लागतो. त्यामुळे सामन्यांच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचावे, हलका सराव करावा आणि मीठ-साखरेचे पाणी तहान लागण्याआधीच घेत राहावे. घामाने चेंडू निसटतो, म्हणून घरच्या सरावात तो मुद्दाम बादलीत बुडवून लांब पासऐवजी जवळचे पास पक्के करून घ्यावेत.

दुसरा फरक जमिनीचा. हिवाळ्यानंतर आपली काळी माती इतकी कडक होते की खेळाडू पूर्ण जोराने टॅकल करायला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडायला, कचरतात, आणि मऊ हिरवळीवर खेळणारे प्रतिस्पर्धी मात्र बिनधास्त अंगावर येतात. गिरणा नदीच्या वाळूत टॅकलचा आणि पडण्याचा सराव करणे, हा यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे.

टेन्समध्ये, म्हणजे रग्बीच्या छोट्या प्रकारात, प्रत्येक संघाचे दहाच खेळाडू मैदानात असले तरी एका दिवसात अनेक सामने होत असल्यामुळे किमान सोळा जण न्यावेत. त्यांत स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघ खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी एकमेकांना रेटतात त्या रचनेच्या, पहिल्या फळीत खेळण्याचे प्रशिक्षण घेतलेले चार-पाच जण असावेत. ही जागा कोणालाही देणे मानेच्या दृष्टीने धोक्याचे आहे. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली, तरी त्या खेळाडूला लगेच बाहेर काढावे आणि परत उतरवू नये, मग त्याने कितीही आग्रह केला तरी.

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि प्रवेश परवान्याचे नियम बदलत असल्याने ते निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पाहावेत. विम्याबाबत अधिक दक्ष राहावे: साध्या प्रवास विम्यातून रग्बीसारखे खेळ बहुधा वगळलेले असतात, म्हणून सामन्यातील दुखापतीचा खर्च मिळेल असे कंपनीकडून लेखी घ्यावे.

घरची केळी सोबत नेण्याचा मोह आवरावा, कारण ताजी फळे परवान्याशिवाय नेता येत नाहीत. तेथील आंबुल आणि कोलिकुट्टू ही केळी उत्तम असतात आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत पुरेशी होतात. शाकाहारी खेळाडूंनी मात्र विचारूनच खावे. सांबोल या खोबऱ्याच्या चटणीत आणि काही भाज्यांतही उंबलकड नावाची सुकी मासळी असते.

दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी, तेथे सुट्टी असते आणि मद्यविक्री बंद राहते. यजमानांबरोबरच्या भोजनाचा बेत ठरवताना तारीख पाहावी. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये आणि बुद्धाचे गोंदण असल्यास ते झाकावे.

परतताना मुंबईहून जळगावपर्यंत सुमारे ४२० किलोमीटरचा रेल्वेप्रवास उरतो. तिकिटे काढताना शक्य तितके खालचे बर्थ घ्यावेत, कारण सुजलेला गुडघा घेऊन वरच्या बर्थवर चढणे फार त्रासाचे असते.