सत्त्याण्णव टक्के आणि चौदा ओळी

गेल्या महिन्यातला एक बुधवार डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

आमचा धंदा सबस्क्रिप्शनचा. कुठला ग्राहक सोडून जाणार हे आधीच सांगणारं चर्न मॉडेल टीमने चार महिने खपून बनवलं, अ‍ॅक्युरसी ९७ टक्के, गुरुवारी बोर्डासमोर प्रेझेंटेशन. आता महिन्याला शंभरातले चारच जात असतील तर "कोणीच जाणार नाही" असं डोळे मिटून म्हणणाऱ्यालाही ९६ मिळतात, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी स्लाइडवर ९७ भल्यामोठ्या फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट मीच निवडलेला. शिवाय मॉडेल जाणारेही जवळपास सगळे पकडत होतं, मग शंका कोण घेतो.

बुधवारी दुपारी सहज म्हणून फीचर इम्पॉर्टन्स, म्हणजे मॉडेल कुठल्या रकान्यावर किती भर देतं त्याची यादी, उघडलं तर सगळ्यात वर 'संपर्काचं कारण' नावाचा रकाना, बाकीचे त्याच्या पासंगालाही नाहीत. सपोर्टच्या मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, "अहो, तो आम्ही अकाउंट बंद झाल्यावर भरतो." झालं! चालू ग्राहकांचा रकाना रिकामा आणि गेलेल्यांचा भरलेला, म्हणजे आमचं मॉडेल भविष्य सांगत नव्हतं, गेलेल्यांची नोंदवही वाचत होतं. याला लीकेज म्हणतात, पहिल्या आठवड्यात शिकवतात, मी स्वतः नव्या पोरांना शिकवतो. लोकांच्या सर्चवरून फ्लूची साथ मोजणाऱ्या गूगल फ्लू ट्रेंड्सने २०१२-१३च्या हंगामात फ्लूचा अंदाज जवळपास दुप्पट दिला होता, मॉडेल कसं फसतं याचा तो किस्सा तर मी अगदी रंगवून सांगतो. रकाना काढून मॉडेल पुन्हा चालवलं, तर चिठ्ठ्या टाकून यादी काढली असती तर थोडीशीच वाईट आली असती.

फोन ठेवता ठेवता मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ज्यांना सोडून गेले म्हणता ना, त्यातले बरेचजण गेलेलेच नसतात. कार्डाची मुदत संपते, पैसे कटत नाहीत, सिस्टिम तीनदा ट्राय करते आणि अकाउंट बंद. मग आम्ही शिव्या खातो. दोन वर्षं सांगतेय."

चौदा ओळींची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली. बंद झालेलं अकाउंट, आणि त्याआधीच्या सात दिवसांत पेमेंट फेल झालंय का, बस. क्लस्टरवर, म्हणजे मोठ्या डेटासाठी एकत्र जोडलेल्या मशीनांवर, रांग होती म्हणून टेबल लॅपटॉपवर उतरवलं, सगळं मिळून ११ जीबी भरलं. त्या ११ जीबीसाठी आमच्याकडे क्लस्टर आहे! असे क्लस्टर चालवणारं सॉफ्टवेअर हडूप, त्याचं नाव म्हणे ते बनवणाऱ्या डग कटिंगच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीवरून पडलं. आमच्याकडे हत्ती आधी आणला आणि मग त्याला काम शोधायला माणसं भरली, त्यातलाच मी एक. क्वेरीचं उत्तर मिनिटभरात आलं, दर दहा बंद अकाउंटांमागे जवळपास चार नुसती कार्डापायी.

रात्री आमच्या टीमच्या हेडना रकान्याचं आणि कार्डाचं दोन्ही सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "कार्डाचं फेज टूमध्ये घेऊ, उद्या स्लाइड बदलायची नाही." माणूस वाईट नाही, पण क्लस्टरच्या बजेटवर सही त्यांचीच आहे.

गुरुवारी बोर्डातल्या एकांनी नेमकं विचारलं, आज जो ग्राहक आहे त्याच्यावर हे चालतं का? हेडनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "व्हॅलिडेशन चालू आहे." तसं खोटं नाही. खरंही नाही. टाळ्या वाजल्या.

परवापासून बिलिंगच्या एकाला पटवून, कोणाला न विचारता, कार्ड संपायच्या दहा दिवस आधी मेल जाईल असं केलंय. मेल निम्म्यांनाच जातो, उरलेल्यांना मुद्दाम नाही, तुलनेला कोणीतरी हवं ना, नाहीतर फरक मेलने पडला की आपोआप हे कळणार कसं. मॅडमना हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्या निम्म्यांचे फोन मीच घ्यायचे ना?"