मे हाँग सोन लूप: भाड्याने बाइक घेणार असाल तर आधी हे वाचा

उत्तर थायलंडची मे हाँग सोन लूप नुकतीच पूर्ण केली. चियांग माईहून निघून पाई, पांग मफा, मे हाँग सोन, खुन युआम, मे सारियांग, 'होत' नावाचं गाव आणि परत चियांग माई. साधारण 600 किलोमीटर आणि 1,864 वळणं. रस्ता अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण फोटो आणि कौतुक सगळीकडे सापडतं. गाडी भाड्याने घेताना काय खपवलं जातं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या दुकानदाराने गाडी देताना "फुल इन्शुरन्स आहे" असं छातीठोकपणे सांगितलं. प्रत्यक्षात तो निघाला थायलंडमध्ये प्रत्येक गाडीला सक्तीचा असलेला विमा, ज्याला तिथे 'पो रो बो' म्हणतात. त्यातून माणसाच्या उपचारांचा मर्यादित खर्च मिळतो. गाडीला काही झालं, गाडी चोरीला गेली किंवा तुम्ही दुसऱ्याची कार ठोकली, तर त्यातून काहीही मिळत नाही. तो खर्च पूर्ण तुमचा. त्यामुळे "इन्शुरन्स आहे का?" असं विचारूच नका, उत्तर नेहमी हो असतं. "गाडीच्या नुकसानीचा विमा आहे का, आणि त्यात मला किती भरावे लागतील?" असं विचारा, आणि उत्तर करारावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. चियांग माईत बाइकच्या दुकानांना तोटा नाही.

गाडी परत केली तेव्हा खरी कहाणी सुरू झाली. दुकानदार सरळ जमिनीवर बसला, डाव्या फूटबोर्डच्या खाली बोट घातलं आणि तिथली चीर दाखवून म्हणाला, 4,500 बाट. कुठे बघायचं हे त्याला आधीच माहीत होतं. त्या चिरेत जुना चिखल वाळून घट्ट बसला होता, नखाने खरवडूनही निघत नव्हता. आमच्याकडे गाडी ताब्यात घेतानाचा व्हिडिओ होता, अगदी खालच्या बाजूचासुद्धा, आणि त्यात ती चीर स्वच्छ दिसत होती. तरी तो तासभर हटला नाही. टुरिस्ट पोलिसांचा 1155 नंबर फोनवर लावायला घेतला, तेव्हा कुठे डिपॉझिट हातात आलं. तोवर आम्ही इतके थकलो होतो की व्हिडिओ नसता तर पैसे देऊन मोकळे झालो असतो, आणि त्याचा धंदा याच थकव्यावर चालतो.

तेव्हा व्हिडिओ काढाच, आणि दुकानदाराला फ्रेममध्ये घेऊन काढा. आरशांची टोकं, ब्रेकचे लिव्हर, सायलेन्सर, रिम, सीटची शिवण आणि फूटबोर्डची खालची बाजू. आधीचा प्रत्येक ओरखडा करारावर नोंदवून घ्या. गाडी दुकान बंद व्हायच्या वेळी परत करू नका, भरपूर उजेड असताना करा. त्याच दिवशी रात्रीचं विमान असेल तर तुमची बाजू लंगडी पडते, आणि दुकानदार ते ओळखतो.

पासपोर्ट गहाण ठेवू नका. कोणी कितीही गोड बोललं तरी नाही. भारतीय पासपोर्ट कायद्याने केंद्र सरकारच्या मालकीचा असतो, तो दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची वस्तू नाही. पासपोर्ट त्याच्याकडे असला की तो मागेल ती रक्कम तुम्ही देता. रोख डिपॉझिट द्या, पावती घ्या आणि पासपोर्टची झेरॉक्स पुढे करा. मूळ पासपोर्टवरच अडून बसणारं दुकान सोडून द्या.

लायसन्सबद्दल थोडक्यात. भारतातून निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभर चालतो आणि मूळ लायसन्ससोबतच ग्राह्य असतो. त्यावर 'ए' गटासमोर, म्हणजे मोटरसायकलसमोर, शिक्का आहे ना हे तिथेच तपासा. फक्त कारचा शिक्का असेल तर थायलंडमध्ये दुचाकीसाठी त्याचा उपयोग नाही. दुकानदार लायसन्स न बघताही गाडी देतो, पण अपघात झाला तर प्रवासविमा कंपनी पहिला प्रश्न लायसन्सचाच विचारते. पॉलिसीत दुचाकीबद्दल काय लिहिलंय, किती सीसीपर्यंत चालतं, हे बारीक अक्षरांत शोधा. हाच परवाना घेऊन व्हिएतनामला जायचा विचार असेल तर थांबा. भारत रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाना देतो, व्हिएतनाम 1968 च्या करारातला मानतो. तिथे तो कागद चालत नाही.

आता रस्ता. पाई ते पांग मफा हा 1095 क्रमांकाच्या हायवेवरचा तुकडा मनातून जात नाही. दोई किऊ लोमच्या माथ्यावरून उतार सुरू होतो आणि एक वळण संपायच्या आत दुसरं अंगावर येतं. आम्ही घेतली होती 125 सीसीची ऑटोमॅटिक स्कूटर. अशा गाडीत वेग फार कमी झाला आणि थ्रॉटल पूर्ण सोडलेला असला की क्लच सुटतो, इंजिनाचा रोध संपतो आणि गाडी मोकळी घरंगळते. सगळा भार ब्रेकवर. निम्म्या उतारावर मागचा ब्रेक मऊ लागायला लागला, लिव्हर हँडलपर्यंत यायला लागला आणि रबर जळल्यासारखा वास आला. बाजूला थांबून ड्रम गार होईपर्यंत वाट बघितली. आपल्याकडचे वरंधा, ताम्हिणी सहज केलेल्यांनीही हा उतार हलक्यात घेऊ नये.

उपाय सोपा आहे. वळणाआधीच वेग कमी करा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा आणि सोडा, आणि फार हळू झालात तर थ्रॉटल किंचित द्या म्हणजे क्लच पुन्हा पकडतो. गिअरवर हात बसलेला असेल तर सरळ होंडा वेव्हसारखी सेमी-ऑटोमॅटिक घ्या, उतारावर खालच्या गिअरमध्ये ती कितीतरी शांत चालते. डबलसीट आणि सामानासह 110 सीसीवर हा रस्ता करू नका. उजव्या वळणावर मधल्या रेषेला चिकटू नका, गाडी तुमच्या लेनमध्ये असली तरी झुकलेलं डोकं समोरच्या लेनमध्ये जातं, आणि पर्यटकांच्या व्हॅन तिथेच वळण कापत येतात.

हेल्मेट घरून न्या. दुकानातली अर्धी हेल्मेटं ढिली असतात, काहींचे पट्टे नुसते लोंबत असतात. ग्लोव्हज आणि बूट तुमच्याकडे असतीलच. पाईमध्ये गुडघ्या-कोपरांना बँडेज लावलेले पर्यटक बघितले की बर्म्युडा-चपलेवर का निघू नये ते कळतं.

खुन युआम, मे सारियांगकडचा 108 क्रमांकाचा हायवे सोपा आणि सुंदर आहे, विशेष सांगण्यासारखं काही नाही. फक्त मे सारियांग ते होत हा सुमारे 100 किलोमीटरचा जंगलपट्टा टाकी पूर्ण भरूनच करा. माझं स्पष्ट मत आहे की लूप याच बाजूने सुरू करावी, म्हणजे आधी होत, मे सारियांग आणि शेवटी पाई. गाडीची सवय सोप्या रस्त्यावर होते, आणि ब्रेकमध्ये खोट असेल तर ती 1095 च्या आधी कळते. नोव्हेंबर ते जानेवारी सर्वांत चांगले महिने. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगल जाळल्याचा धूर असतो, तेव्हा जाऊच नका. ॲम्ब्युलन्सचा नंबर 1669, निघायच्या आधी फोनमध्ये टाकून ठेवा, डोंगरात बऱ्याच ठिकाणी इंटरनेट नसतं.